अकरावीचा फॉर्म: शाखा नाही, विषय बघा

दहावीचा निकाल लागला की घराघरात एकच प्रश्न फिरतो, "सायन्स की कॉमर्स?" मामू एक सांगतात, खालाचा मुलगा दुसरंच सांगतो, आणि क्लासवाल्याचा फोन तिसरं. या सगळ्या गडबडीत एक गोष्ट राहूनच जाते. डिग्रीला प्रवेश देणारे नुसती शाखा बघत नाहीत. बारावी कोणत्या विषयांत पास झालात, ते बघतात. आणि हे विषय ठरतात अकरावीच्या फॉर्मवर, बहुतेक वेळा कॉलेजच्या खिडकीपाशी उभं राहून, पाच मिनिटांत. त्या पाच मिनिटांवरून दोन वर्षांनी कळतं की मुलगी कोणत्या सीईटीला बसू शकते आणि कोणत्या नाही.

म्हणून हा लेख उलट्या बाजूने वाचायचा आहे. आधी पुढचा कोर्स, मग त्याला लागणारे विषय, आणि शाखा सर्वांत शेवटी.

सहा विषय म्हणजे नेमके कोणते

आपल्या राज्य मंडळाच्या बारावीला गुणांचे सहा विषय असतात, प्रत्येकी 100, एकूण 600. इंग्रजी सर्वांना सक्तीचं. दुसरी एक भाषा, म्हणजे उर्दू, मराठी, हिंदी, अरबी वगैरे, किंवा तिच्या जागी माहिती तंत्रज्ञान म्हणजे आयटी. उरलेले चार विषय आपण निवडायचे. सायन्सला फिजिक्स आणि केमिस्ट्री घेतले की दोन जागा राहतात. तिथे गणित आणि बायोलॉजी दोन्ही घेता येतात. लोक ज्याला "पीसीएमबी, फार जड" म्हणतात तो काही जादा विषयांचा ग्रुप नाही. विषय सहाच आहेत, सगळ्यांना असतात तेवढेच. ज्याने गणित सोडलं त्याला त्या जागी भूगोल, मानसशास्त्र असं काहीतरी घ्यावंच लागतं.

तिसरा रस्ता बायफोकलचा. कॉम्प्युटर सायन्स, इलेक्ट्रॉनिक्स, क्रॉप सायन्स असे हे व्यावसायिक विषय 200 गुणांचे असतात आणि दुसरी भाषा अधिक एक ऐच्छिक विषय अशा दोघांची जागा घेतात. प्रॅक्टिकलचे गुण भरपूर, म्हणून टक्केवारी वाढते. इंजिनिअरिंगच नक्की असेल तर कॉम्प्युटर सायन्स उत्तम. पण ते घेतलं की बायोलॉजी गेलं आणि उर्दूही गेली, हे मुलांना कोणी सांगत नाही. बायफोकलच्या जागा मर्यादित असतात, प्रत्येक कॉलेजात नसतातही.

गणित सोडण्याआधी

आमच्या मुलांमध्ये, आणि मुलींमध्ये तर फारच, एक पद्धत पडून गेली आहे: दहावीला गणितात 50-55 गुण पडले की "गणित जमत नाही" असा शिक्का. मग सायन्स घेतलं तरी गणिताशिवाय, कॉमर्स घेतलं तरी गणिताशिवाय. माझ्या मते अकरावीच्या फॉर्मवरचा सर्वांत महाग निर्णय हाच. बघा, गणित नसेल तर काय काय जातं.

इंजिनिअरिंग जातं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. फिजिक्स आणि गणित हे दोन विषय तिथे अनिवार्य. राज्याच्या सीईटीत पीसीएम गटाच्या 200 गुणांपैकी 100 एकट्या गणिताचे असतात. आर्किटेक्चरलाही गणित लागतं. एनडीएमध्ये आर्मीसाठी कोणत्याही शाखेची बारावी चालते, पण नेव्ही आणि एअर फोर्ससाठी फिजिक्स, केमिस्ट्री, गणित हवं. (सुप्रीम कोर्टाच्या 2021 च्या आदेशानंतर मुलीही एनडीएची परीक्षा देऊ शकतात. आपल्या घरांत ही बातमी अजून नीट पोहोचलेली नाही.)

रत्नागिरी, रायगडच्या वाचकांसाठी मुद्दाम सांगतो. कोकणातल्या कित्येक घरांत आजोबा जहाजावर होते, चाचा जहाजावर आहेत. पण आता डेक ऑफिसर व्हायचं तर डिप्लोमा इन नॉटिकल सायन्स किंवा बी.एस्सी. नॉटिकलला बारावीत फिजिक्स, केमिस्ट्री, गणित मिळून सरासरी 60 टक्के आणि दहावी किंवा बारावीच्या इंग्रजीत 50 टक्के लागतात. इथे ओळखी चालत नाहीत. बायोलॉजी आणि भूगोल घेऊन बारावीला 75 टक्के आणलेल्या मुलाला ऑफिसरच्या कोर्सचं दार बंद असतं आणि मग तो खलाशी म्हणून जातो. त्याच घराण्याचा, त्याच जहाजावर, पण पगार आणि हुद्दा वेगळा.

कॉमर्सवाल्यांना वाटतं गणित आपल्यासाठी नाहीच. अकाउंटन्सी, इकॉनॉमिक्स, ऑर्गनायझेशन ऑफ कॉमर्स, सेक्रेटेरियल प्रॅक्टिस असा ठरलेला संच बहुतेक कॉलेजं हातात देतात. पण सेक्रेटेरियल प्रॅक्टिसऐवजी गणित घेता येतं, कॉलेजात ती सोय आहे का एवढंच विचारायचं. कॉमर्सच्या गणिताचं पुस्तक सायन्सपेक्षा वेगळं आणि सोपं असतं. फायदा कुठे? मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी. आयटीला वर्षानुवर्षं अट राहिली ती बारावीला गणित असण्याची, सायन्स शाखेची नव्हे. दिल्ली विद्यापीठात इकॉनॉमिक्स ऑनर्स करायचं तर बारावीला गणित लागतं. सीए फाउंडेशनला कोणतीही शाखा चालते, पण त्याच्या चार पेपरांपैकी एक गणित आणि स्टॅटिस्टिक्सचाच आहे. दोन वर्षं गणिताला हात न लावलेली मुलं नेमकी तिथे अडकतात. सीएसाठी नावनोंदणी दहावीनंतरही करता येते, परीक्षा मात्र बारावीनंतर.

तर माझं साधं मत असं: मुलाचं काहीच ठरलेलं नसेल तर गणित ठेवावं. ज्याला दहावीला 40 च्या आत गुण आहेत आणि आकडा बघून घाम फुटतो, त्याची गोष्ट वेगळी. त्याला जबरदस्तीने बसवून बारावी नापास करण्यात अक्कल नाही.

बायोलॉजी कोणासाठी

एमबीबीएस, बीडीएस, बीयूएमएस, बीएएमएस, बीएचएमएस या सगळ्यांसाठी नीट, आणि नीटसाठी फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी. बारावीत या तीन विषयांत मिळून खुल्या वर्गाला 50 टक्के, ओबीसीला 40 टक्के लागतात. नीटचा पेपर 720 गुणांचा, 180 प्रश्न, चुकीच्या उत्तराला एक गुण वजा. हा पेपर मराठीत आणि उर्दूतही देता येतो.

पण बायोलॉजी म्हणजे फक्त डॉक्टर असं नाही. बी.एस्सी. नर्सिंगला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी लागतं. जीएनएम या तीन वर्षांच्या नर्सिंग डिप्लोमाला मात्र कोणत्याही शाखेची बारावी चालते, इंग्रजीसह 40 टक्के हवेत. फार्मसीला, बी.फार्म असो की डी.फार्म, फिजिक्स-केमिस्ट्रीबरोबर गणित किंवा बायोलॉजी यातलं एक पुरतं. बी.एस्सी. ॲग्रिकल्चरचंही तसंच. म्हणजे ज्या मुलीने "नीट झालं तर ठीक, नाहीतर फार्मसी" असं ठरवलंय तिचं पीसीबीवर भागतं. जिच्या मनात "नीट नाही तर इंजिनिअरिंग" आहे तिला चारही विषय ठेवण्याशिवाय इलाज नाही.

बायोलॉजी सुटलंच असेल तर? नॅशनल मेडिकल कमिशनने नोव्हेंबर 2023 मध्ये स्पष्ट केलं की बारावीनंतर जादा विषय म्हणून बायोलॉजी पास झालेला उमेदवारही नीटला बसू शकतो. रस्ता आहे, पण त्यात बहुधा एक वर्ष जातं आणि प्रॅक्टिकलसाठी कॉलेज शोधत फिरावं लागतं ते वेगळंच.

उर्दू माध्यमाच्या मुलांचं

इथे जरा थांबतो, कारण आमच्या शाळांमधून सायन्सला गेलेल्या मुलांपैकी बरीच मुलं दिवाळीपर्यंत वर्गात गप्प होतात. हुशारी कमी नसते. दहावीपर्यंत जे "मुसल्लस" होतं ते एका दिवसात ट्रँगल होतं, "खलिया" सेल होतो, "उन्सुर" एलिमेंट होतो. मुलाला धडा माहीत असतो, पण प्रोफेसर कशाबद्दल बोलतायत ते समजत नाही. विचारायची शरम वाटते. मग क्लास लावतात, तिथेही तेच इंग्रजी.

यावर उपाय शाखा बदलणं नाही, आधीची तयारी आहे. दहावीची परीक्षा मार्चमध्ये संपते, अकरावीचे वर्ग सुरू व्हायला मोठी सुट्टी मिळते. त्या सुट्टीत नववी आणि दहावीची इंग्रजी माध्यमाची विज्ञान आणि गणिताची पुस्तकं वाचून काढायची. बालभारतीच्या संकेतस्थळावर ती फुकट उतरवून घेता येतात. धडे ओळखीचेच आहेत, फक्त शब्द नवे. उर्दूचं आणि इंग्रजीचं पुस्तक शेजारी शेजारी उघडं ठेवून एका वहीत दोन रकाने करायचे. रोज एक धडा केला तरी सुट्टी संपायच्या आत दोन्ही वर्षांची उजळणी होते. आठवीपासून सेमी-इंग्रजी असलेल्या शाळांतल्या मुलांना याची गरज कमी पडते, तरी करावं.

राज्याच्या सीईटीत फिजिक्स, केमिस्ट्री आणि बायोलॉजीचे पेपर इंग्रजीबरोबर मराठी आणि उर्दूतही निघत आले आहेत. गणिताचा पेपर फक्त इंग्रजीत. जेईई मेनसुद्धा मराठी-उर्दूत देता येते, जेईई ॲडव्हान्स्ड मात्र इंग्रजी आणि हिंदीतच. उर्दूतून पेपर देण्याची सोय आहे म्हणून दोन वर्षं उर्दूतूनच अभ्यास करायचा असा अर्थ कोणी काढू नये. डिग्रीची पुस्तकं पुढे इंग्रजीतच आहेत.

आणि उर्दू हा विषय? आयटीला गुण सोपे मिळतात म्हणून पुष्कळ मुलं भाषा सोडतात. पण दहा वर्षं उर्दूतून शिकलेल्या मुलाला बारावीच्या उर्दूत चांगले गुण मिळवणं अवघड नाही, आणि पुढे उर्दू शाळेत शिक्षक व्हायचं असेल तर ती साखळी तुटलेली बरी नाही. फॉर्म भरण्यापूर्वी एवढं विचारा की त्या कॉलेजात उर्दू शिकवायला प्रत्यक्ष कोणी आहे का. कागदावर विषय आणि वर्गात कोणी नाही, असंही असतं.

"घराजवळ आहे म्हणून"

मुलींच्या बाबतीत विषय ठरतात ते बसच्या वेळेवर. जवळच्या कॉलेजात सायन्स नाही, म्हणून आर्ट्स. अम्मी-अब्बांची काळजी मी समजतो, माझ्याही वर्गात निम्म्या मुली आहेत. पण जवळचं कॉलेज आणि हवे ते विषय यांत निवड करायचीच असेल तर निदान जाणूनबुजून करा.

आर्ट्स वाईट नाही. पाच वर्षांच्या लॉ कोर्सला कोणतीही शाखा चालते, खुल्या वर्गाला बारावीत 45 टक्के आणि सीईटी. डी.एल.एड., जीएनएम, पुढे कोणत्याही पदवीवर देता येणारी एमपीएससी, हे सगळं आर्ट्समधून होतं. मात्र आर्ट्समध्येही विषय बघून घ्यायचे. इकॉनॉमिक्स, राज्यशास्त्र, भूगोल, मानसशास्त्र यांचं पुढे काहीतरी होतं. "सोपा आहे, गाइड मिळतं" या कारणाने घेतलेल्या विषयाचं पुढे काय करायचं ते त्या मुलीलाच शेवटी समजत नाही.

पैशाचंही एक सांगतो. राज्य सरकारने 8 जुलै 2024 ला निर्णय काढला की ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी वर्गातल्या, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांपर्यंत असलेल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ. प्रवेश सरकारी केंद्रीभूत फेरीतून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला की ही सवलत गेली. "मुलीच्या इंजिनिअरिंगला एवढे लाख कुठून आणायचे" म्हणून अकरावीतच आर्ट्स घ्यायला लावणाऱ्या घरांनी हा हिशेब पुन्हा एकदा मांडावा.

अकरावी न करता: डिप्लोमा

दहावीनंतर थेट पॉलिटेक्निकला जाता येतं. तीन वर्षांचा डिप्लोमा, प्रवेश दहावीच्या गुणांवर, आणि नंतर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश (खुल्या वर्गाला डिप्लोमात 45 टक्के, मागासवर्गीयांना 40). मुंबईत भायखळ्याचं साबू सिद्दीक पॉलिटेक्निक आपल्या कित्येक घरांना माहीत आहे, आणि सरकारी पॉलिटेक्निक जवळपास प्रत्येक जिल्ह्यात आहे. ज्या घराला मुलगा 19 व्या वर्षी कमावता हवा आहे, पण त्याचं पुढचं शिक्षणही थांबवायचं नाही, त्या घरासाठी माझ्या दृष्टीने अकरावी सायन्सपेक्षा डिप्लोमा चांगला. पण पहिल्याच वर्षी गणित आणि सायन्स इंग्रजीतून येतं आणि पोरं तिथेच विषय राखतात. वर सांगितलेली सुट्टीतली तयारी त्यांनाही लागू. आणि डिप्लोमाला गेल्यावर नीटचा विचार सोडून द्यायचा, कारण बारावीचं बायोलॉजी हातात नसतं.

मुलाला बाहेर पाठवताना

दहावी इथे, मग अकरावी-बारावी कोटा किंवा हैदराबादला. किंवा अब्बा दुबईत, म्हणून मुलगा तिथल्या सीबीएसई शाळेत. अशा घरांनी एक नियम पाठ करून ठेवावा. महाराष्ट्रातल्या मेडिकल कॉलेजांच्या 85 टक्के राज्य कोट्यासाठी, काही ठरावीक अपवाद सोडले, तर दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातल्या शाळा-कॉलेजातून पास झालेली हवीत, शिवाय डोमिसाइल. बारावीचा फॉर्म बाहेरच्या राज्यातून भरला की नीटला चांगले गुण पडूनही इथल्या जागेवर हक्क राहत नाही. इंजिनिअरिंगला एवढी सक्ती नाही; मुलाचं किंवा आई-वडिलांपैकी एकाचं महाराष्ट्राचं डोमिसाइल असेल तर बाहेरून बारावी केलेल्यालाही राज्याच्या जागांसाठी अर्ज करता येतो.

इथल्या इथे क्लासशी जोडलेल्या "इंटिग्रेटेड" कॉलेजांबद्दल: हजेरी आणि प्रॅक्टिकल खरोखर होतात का ते आधी शिकणाऱ्या मुलांना विचारा, ऑफिसात नाही. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजीला प्रत्येकी 30 गुण प्रॅक्टिकलचे आहेत. आणि अकरावी म्हणजे आरामाचं वर्ष हा समजही सोडा. राज्याच्या सीईटीत साधारण 20 टक्के प्रश्न अकरावीवर असतात, नीट आणि जेईईत तर दोन्ही वर्षांचा अभ्यास येतो.

फॉर्म भरताना आणि त्याच्या बाजूने

2025-26 पासून अकरावीचे प्रवेश सगळ्या राज्यात ऑनलाइन झाले. दहापर्यंत पसंतीक्रम देता येतात. प्रत्येक पसंतीत कॉलेजबरोबर शाखा, माध्यम आणि अनुदानित की विनाअनुदानित हेही ठरलेलं असतं. एकाच कॉलेजची अनुदानित आणि विनाअनुदानित तुकडी असते आणि फीत जमीन-अस्मानाचा फरक असतो, तेव्हा तो रकाना वाचल्याशिवाय बटण दाबू नका. पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं तर ते घ्यावंच लागतं, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. म्हणून पहिलं नाव नुसतं "बघूया तर" म्हणून टाकायचं नाही. अल्पसंख्याक संस्थांच्या कॉलेजांत निम्म्यापर्यंत जागा अल्पसंख्याक कोट्याच्या असतात. टक्के थोडे कमी पडले आणि हवे ते विषय तिथे मिळत असतील तर हा मार्ग आधी बघावा. कोट्यातून प्रवेश पक्का केला की नियमित फेऱ्या संपल्या.

कागदांची तयारीही अकरावीतच सुरू करायची. बागवान, तांबोळी, अत्तार, पिंजारी, मणियार अशा ओबीसी यादीतल्या बिरादऱ्यांच्या मुलांना इंजिनिअरिंग, मेडिकलच्या वेळी जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर आणि जात पडताळणी तिन्ही लागतात. पडताळणीसाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा मागतात. अडचण अशी की आपल्या जुन्या दाखल्यांवर जातीच्या रकान्यात नुसतं "मुसलमान" लिहिलेलं असतं, बिरादरीचं नाव नसतंच. मग दादा-परदादांचा शाळेचा प्रवेश-रजिस्टरचा उतारा, जन्म-मृत्यूची नोंद, जमिनीची कागदपत्रं शोधत गावी फिरावं लागतं. ते काम बारावीच्या निकालानंतरच्या दोन आठवड्यांत होत नाही. सायन्सच्या विद्यार्थ्यांना पडताळणीचा अर्ज कॉलेजमार्फत करता येतो. जे कोणत्याच राखीव यादीत नाहीत आणि उत्पन्न 8 लाखांच्या आत आहे, ते ईडब्ल्यूएसचा दाखला काढू शकतात. हा दाखला आपल्यालाही मिळतो हे अजूनही पुष्कळांना तहसीलमध्ये गेल्यावरच समजतं.

विषय बदलायचा झाला तर अकरावीच्या पहिल्या काही आठवड्यांत कॉलेजात अर्ज द्या. तेव्हा जागा शिल्लक असतात आणि शिकवून झालेलं फार नसतं. बारावीत गेल्यावर बदल मागितला तर मंडळाची परवानगी, मुदत आणि अकरावीचा राहिलेला अभ्यास, तिन्ही एकदम गळ्यात पडतात.